आलेले रीडिंग

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाने पुढे काय करायचे, हा प्रश्न आमच्या पिढीत फारसा कुणी विचारत नसे. उत्तर ठरलेले होते. त्याने बँकेत लागायचे. १९६९ च्या जुलैत १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा होत्या ८२६२. १९८० साली आणखी ६ बँका सरकारच्या ताब्यात आल्या, तोवर हा आकडा ३२ हजारांच्या वर गेला होता. एवढ्या काउंटरांमागे बसवायला माणसे कुठून तरी आणायलाच हवी होती. ती आली. इतिहासवाले आले, वाणिज्यवाले आले आणि बोटांवरचे सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग अजून पुरते गेलेले नाहीत असे आम्हीही मोठ्या संख्येने आलो आणि लेजर ओढून लिहायला बसलो. माझ्या पहिल्या शाखेत चौदा माणसे होती आणि त्यांतली पाच रसायनशास्त्राची पदवीधर. "पाच-पाच केमिस्ट असून माझ्या शाखेत चहा काही धड होत नाही," हा आमच्या शाखाधिकाऱ्यांचा आवडता विनोद होता.

विनोद बाजूला ठेवला तरी त्यामागचा आरोप खरा होता आणि तो पुढेही अनेकांनी केला. देशाने तुमच्यावर तीन वर्षे ॲसिड, गॅस आणि प्राध्यापकांचा पगार खर्च केला आणि तुम्ही बसलात नोटा मोजत! मग ते शिक्षण वायाच गेले की नाही? वरवर पाहता हिशेब बिनतोड वाटतो. मला मात्र तो कधीच पटलेला नाही. कारण लहान गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी शिकवल्या जात. एक होती अभ्यासक्रमात छापलेली. तिच्यातले आज मला फार थोडे आठवते. बेंझीनच्या वलयावर कोणता गट कुठे जाऊन बसतो हे आता कुणी विचारले तर मी विषय बदलीन. दुसरी गोष्ट कुठेही छापलेली नव्हती. ती प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी, उभ्याउभ्या, आठवड्यातून दोन-तीन दुपारी शिकवली जाई. ती राहिली. आणि आज लहान कॉलेजांच्या हातून जी निसटू पाहते आहे ती नेमकी हीच दुसरी गोष्ट आहे, म्हणून हा लेख.

लहान कॉलेज म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला थोडे सांगायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, १९५४ मध्ये कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात तालुक्यातालुक्याला वेगवेगळ्या संस्थांची कॉलेजे उभी राहिली. त्याआधी ज्या घरातले पोर मॅट्रिक होऊन थांबायचे, त्या घराच्या एस.टी.च्या थांब्यापर्यंत कॉलेज चालत आले, असे म्हटले तरी चालेल. आमचे कॉलेज या लाटेतले, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातले. मी तिथे १९७८ ते १९८१ अशी तीन वर्षे होतो.

कला शाखा काढायला एक खोली, एक फळा आणि एक उत्साही प्राध्यापक पुरतो. विज्ञान शाखेला तेवढ्याने भागत नाही. तिला नळ लागतात, मोऱ्या लागतात, गॅस लागतो, काच लागते आणि काच फुटते. त्यातही पदार्थविज्ञानाची उपकरणे एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकतात. रसायनशास्त्राचे तसे नाही. त्याचे सामान दर वर्षी संपते. ते वापरण्यासाठी, म्हणजे संपण्यासाठीच आणलेले असते. संस्थेच्या चालकांना हे पटवून देताना आमच्या विभागप्रमुखांची दमछाक व्हायची. "मागच्या वर्षी तर बाटल्या भरून आणल्या होत्या!" असे एका संचालकांनी भर बैठकीत म्हटल्याची गोष्ट कॉलेजात पुढे बरीच वर्षे सांगितली जाई. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याचे छप्पर घातलेली एक लांबट खोली. उन्हाळ्यात ती तापायची आणि पावसाळ्यात शेजारच्या मुलाचे बोलणे ऐकू यायचे नाही. बर्नरचा गॅस दुपारी तीनच्या पुढे मंद व्हायचा. वजने करायचे केमिकल बॅलन्स काचेच्या पेटीत बसवलेले, चाळीस मुलांत मिळून सहा. वजन करताना पंखा बंद, बोलणे बंद आणि शक्य तर श्वासही बंद.

या खोलीत येणारी मुले कोण होती? ऊसवाल्या शेतकऱ्यांची होती, प्राथमिक शिक्षकांची होती, एस.टी.तल्या वाहकांची, गावातल्या दुकानदारांची होती. बहुतेकांच्या घरातले कॉलेजात गेलेले ते पहिलेच माणूस. दहावीपर्यंत सारे मराठीतून झालेले: आम्ल, आम्लारी, क्षार, चुन्याची निवळी. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की जून महिन्याच्या एका सोमवारी हे सगळे शब्द गायब होऊन त्यांच्या जागी इंग्रजी शब्द यायचे. पुष्कळ मुले तिथेच बसली. हुशारी कमी होती म्हणून नव्हे, तर व्याख्यानाच्या पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा धागा सुटतो त्याला उरलेली पस्तीस मिनिटे काहीच करता येत नाही म्हणून.

अशा मुलाला प्रयोगशाळेत पुन्हा जमीन सापडायची, कारण तिथे बाटलीत जे होते ते त्याच्या ओळखीचे होते. कॉपर सल्फेट म्हणजे द्राक्षावर फवारायला आणतात ते मोरचूद. फेरस सल्फेट म्हणजे हिराकस. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. आमच्या वर्गात कल्हईवाल्याच्या घरातला एक मुलगा होता. इंग्रजीच्या तासाला तो मागच्या बाकावर अंग चोरून बसे. परीक्षानळीत अमोनियम क्लोराइड तापवून पांढरा धूर निघाला तेव्हा त्याने नुसत्या वासावरून सांगितले, "सर, हा तर नवसागर." सरांनी त्याला पुढे बोलावले आणि भांडे तापवून नवसागर का टाकतात ते विचारले. त्याला करायचे कसे हे ठाऊक होते, का हे ठाऊक नव्हते. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतात, त्यातला दुसरा तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो आणि स्वच्छ झालेल्या धातूवर कथील धरते, हे सरांनी त्या दिवशी फळ्यावर मांडून दाखवले. वडिलांच्या धंद्याला समीकरण असते, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर उमटलेले मी पाहिले आहे. त्यानंतर तो मागच्या बाकावर बसला नाही.

पहिल्या वर्षाची मुख्य कसोटी म्हणजे 'सॉल्ट'. कागदाच्या पुडीत चिमूटभर पांढरी किंवा रंगीत भुकटी मिळायची आणि तिच्यात काय आहे ते शोधून काढायचे. या शोधाची वाट जुनी आहे. जर्मनीतल्या कार्ल रेमिजियस फ्रेझेनियसने १८४१ साली, तो स्वतः विद्यार्थी असतानाच, गुणात्मक विश्लेषणावर पुस्तक लिहून ती बांधून दिली. द्रावणात आधी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकायचे. साका आला तर पहिला गट, म्हणजे शिसे, चांदी किंवा पारा. नाही आला तर त्याच आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. आला तर तांबे, बिस्मथ, कॅडमियम वगैरे. नाही आला तर पुढे. लोखंड-ॲल्युमिनियमचा तिसरा, निकेल-जस्ताचा चौथा, बेरियम-कॅल्शियमचा पाचवा आणि शेवटी मॅग्नेशियम. हायड्रोजन सल्फाइड तयार करायला किपचे उपकरण असे, काचेचे तीन फुगे एकावर एक ठेवल्यासारखे. त्यात आयर्न सल्फाइड आणि आम्ल. त्या सडक्या अंड्यांच्या वासाने आम्ही घरी पोचायच्या आधी आमची वर्दी पोचायची.

या पद्धतीतला एक गुण मला फार उशिरा उमगला. इथे प्रत्येक 'नाही' लिहून ठेवावा लागतो. पहिला गट अनुपस्थित, दुसरा गट अनुपस्थित. ज्या दिशेला काही सापडले नाही, तिकडे आपण खरोखर जाऊन आलो याची नोंद. सीनियर मुलांनी दिलेले ठोकताळे असतच: निळे असेल तर तांबे, हिरवे असेल तर निकेल नाही तर लोखंड, गुलाबी असेल तर कोबाल्ट नाही तर मँगनीज. सरांची ठोकताळ्यांना हरकत नव्हती. "अंदाज कर की. पण कन्फर्मेटरी टेस्टशिवाय लिहू नको." निकेल वाटते आहे ना? मग डायमिथिल ग्लायऑक्झाइम टाक आणि लालभडक साका दाखव. शिसे वाटते आहे? पोटॅशियम आयोडाइड टाक, पिवळा साका येईल. तो पाण्यात उकळून विरघळव आणि नळी गार होऊ दे. मग त्या नळीत सोन्याच्या वर्खाचे कण तरंगू लागायचे. ज्याने ते एकदा पाहिले त्याला शिसे पुन्हा पाठ करावे लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी मात्र सोन्याचा वर्ख पाहायला कुणाला सवड नसे. त्या दिवशी सारी भिस्त मामांवर. लहान कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या परिचराला सगळे मामाच म्हणत. आमचे मामा सातवी शिकलेले, पण सगळी द्रावणे तोंडपाठ करणारे. कोणत्या पुडीत काय भरले आहे हे परीक्षकांच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाहेरच्या टपरीवर मामांना चहा पाजायची रीत होती. मामा चहा घेत, भजीही घेत आणि गंभीर चेहऱ्याने प्रत्येकाला एकच गुपित सांगत: "पाण्यात विरघळतंय बघ." ते खरे असायचे आणि त्याचा काडीचाही उपयोग नसायचा. तीन वर्षांत मामांनी याहून जास्त काही फोडल्याचे मला माहीत नाही.

पण मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ सॉल्टमध्ये नाही, टायट्रेशनमध्ये आहे. ज्यांनी ते केलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शंकूच्या आकाराच्या चंबूत पिपेटने १० मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेट नावाच्या, आकडे कोरलेल्या उभ्या नळीतून दुसरे द्रावण थेंबथेंब सोडायचे. एका थेंबाला रंग बदलतो. तिथे थांबायचे आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. हेच तीनदा करायचे. ब्युरेटवर सर्वांत लहान रेघ ०.१ मिलिलिटरची आणि एक थेंब साधारण त्याच्या निम्मा. म्हणजे एका थेंबाची घाई झाली तरी आकडा हलतो. द्रव काचेला लागून किंचित चढलेला असतो, त्या वक्राचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा. परमँगनेट इतके गडद असते की तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचायची. तीन आकडे येतात, त्यांतून एक 'सी.बी.आर.' काढतात, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. महाराष्ट्रातल्या बी.एस्सी.च्या कुठल्याही पिढीतल्या माणसाला मध्यरात्री उठवून सी.बी.आर. म्हणजे काय ते विचारा, तो सांगेल.

आता गंमत अशी, की हे उत्तर बहुधा आधीच माहीत असते. तीच द्रावणे, तोच प्रयोग, मागच्या वर्षीच्या जर्नलात आकडा लिहिलेला. मग कोण कशाला तीनदा करील? एकदा अदमासाने करायचे आणि तिन्ही रकान्यांत तोच आकडा भरून मोकळे व्हायचे. आमच्या ओळीतल्या एकाने असेच ११.२, ११.२, ११.२ लिहून वही पुढे केली. सरांनी ती बराच वेळ पाहिली.

"तिन्ही सारखीच आली?"

"हो, सर."

"एका दशांशाचा फरक नाही? मी पंचवीस वर्षं ब्युरेट धरतोय रे, मला नाही असं कधी जमलं. परत कर."

"सर, पण उत्तर बरोबर आहे ना?"

सर हसले. "यायला हवं ते मला माहीत आहे. ते विचारायला मी तुला कशाला बोलावू? आलेलं लिही."

त्यानंतर सरांनी एक गोष्ट सुरू केली. दर आठवड्याला प्रत्येक टेबलावरचे द्रावण ते थोडे वेगवेगळे पातळ करून ठेवू लागले. शेजाऱ्याचा आकडा उपयोगाचा राहिला नाही आणि मागच्या वर्षीचे जर्नल तर मुळीच नाही. त्यासाठी त्यांना आणि मामांना आदल्या दिवशी दोन तास जास्त थांबावे लागे. ज्याचे तीन आकडे थोडे इकडेतिकडे असत, पण खरे असत, त्याला ते गुण देत. ज्याचे गुळगुळीत जुळत, त्याच्याकडून समोर उभे राहून पुन्हा करून घेत. लहान कॉलेजात हे शक्य होते. चाळीस मुले, त्यांची नावे, गावे, घरची स्थिती सरांना ठाऊक. कोण सहाच्या एस.टी.साठी घाई करतो आहे आणि कोण टंगळमंगळ, हे त्यांना सांगावे लागत नसे.

आलेले लिहायचे की यायला हवे होते ते, हा प्रश्न कॉलेजच्या फाटकाबाहेर पडल्यावर किती मोठा होतो, हे पाहायला आम्हाला लांब जावे लागले नाही. आमच्या भागात रसायनशास्त्राच्या पदवीधराला बँकेखेरीज दोन नोकऱ्या मिळण्यासारख्या होत्या: साखर कारखान्याची प्रयोगशाळा आणि दूध संघाची. दुधातली फॅट तेव्हा गर्बरच्या पद्धतीने काढत. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचे, यंत्रात गरगर फिरवायचे आणि वर जमलेल्या स्निग्धाचा थर मोजपट्टीवर वाचायचा. जो आकडा वाचला जाईल त्यावर त्या माणसाच्या दुधाचा दर. पहाटे चारला उठून म्हशीची धार काढणाऱ्या बाईला तो थर दिसत नाही. तिला फक्त एवढेच कळते की आज 'फॅट कमी लागली'. साखर कारखान्यात तेच. रसाचा ब्रिक्स, पोल आणि शेवटी साखरेचा उतारा. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला. २००९-१० च्या हंगामापासून त्याचे नाव एफ.आर.पी. झाले, पण उताऱ्याशी असलेली गाठ सुटलेली नाही. हजारो शेतकऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न एका प्रयोगशाळेतल्या दशांश चिन्हाच्या उजवीकडे ठरते. आणि ते चिन्ह कोणाच्या हातात? कुठल्याशा लहान कॉलेजातून सी.बी.आर. शिकून बाहेर पडलेल्या पोराच्या.

आमच्या वर्गातला एक जण दूध संकलन केंद्रावर लागला. पहिल्याच महिन्यात वरच्या माणसाने त्याला सांगितले, "सहा-चार आली तर सहा-दोन लाव. सगळ्यांना सारखंच, म्हणजे कुणाची तक्रार नाही." मित्राने आलेली फॅट लावली. तीन महिन्यांत त्याची बदली बाटल्या धुण्याच्या विभागावर देखरेख करायला झाली. तो मोठा बंडखोर वगैरे नव्हता. अतिशय भित्रा मुलगा होता. मी त्याला विचारले, तू नाही कसे म्हणालास? तो म्हणाला, "नाही म्हणालोच नाही. हात लिहीना." एवढेच. मला वाटते, तीन वर्षांच्या त्या दुपारींचे सार याहून कमी शब्दांत कुणाला सांगता येणार नाही.

आणि बँक? तिथे तर मला रसायनशास्त्राची आठवण रोज संध्याकाळी यायची. नावे आणि जमा जुळली पाहिजे, रोकड जुळली पाहिजे; समीकरणाच्या डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे. हे साम्य केवळ माझ्या मनाचे खेळ नव्हेत. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा लाव्हाझिए हा मुळात हिशेबाचा माणूस होता. १७६८ साली त्याने फ्रान्सच्या राजाचा कर गोळा करणाऱ्या मक्तेदार मंडळीत भाग घेतला. पुढे पॅरिसमधल्या एका बँकेच्या संचालक मंडळावरही तो होता. प्रयोगाआधी सगळ्याचे वजन, प्रयोगानंतर सगळ्याचे वजन आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वही मिटायची नाही, ही शिस्त त्याने प्रयोगशाळेत आणली आणि १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडली. कर गोळा करण्याच्या त्या मक्त्यापायीच क्रांतीच्या काळात, ८ मे १७९४ रोजी, त्याचा शिरच्छेद झाला. हिशेबाने त्याला शास्त्र दिले आणि हिशेबानेच त्याचा जीव घेतला.

पण जुळणे आणि जुळवणे यांत फरक आहे आणि तो मला कुठल्याही बँकेच्या प्रशिक्षण केंद्राने शिकवला नाही. एका शाखेची तपासणी करताना एका व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याची मासिक स्टॉक स्टेटमेंट माझ्यापुढे आली. गोदामातल्या मालाची किंमत दर महिन्याला उचललेल्या कर्जाला पुरून थोडीशी उरेल अशी. बारा महिने, कधी तूट नाही, कधी भलती वाढ नाही. शाखेतली मंडळी खुशीत होती, "साहेब, आमचं सर्वांत चोख खातं." मला ११.२, ११.२, ११.२ दिसू लागले. खरा माल असा वागत नाही. तो पावसाने भिजतो, भाव पडला की पडून राहतो, सणाला एकदम उठतो. मी गोदाम उघडायला सांगितले. पुढच्या दोन रांगा खऱ्या पोत्यांच्या होत्या. मागच्या थप्पीत भुसा होता.

तेव्हा शिक्षण वाया गेले असे मला म्हणवत नाही. मात्र ते शिक्षण आज त्या जागी उरले आहे का, हे पाहायला गेलो की जीव थोडा खाली बसतो. गेल्या काही वर्षांत व्याख्यानांच्या निमित्ताने मी तालुक्याच्या बऱ्याच कॉलेजांत गेलो आणि सवयीने प्रयोगशाळा दाखवा म्हणालो. काही गोष्टी नक्कीच सुधारल्या आहेत. तोंडाने पिपेट ओढणे गेले, रबरी फुगा आला. हायड्रोजन सल्फाइड विषारी. तो बऱ्याच ठिकाणी गेला, शिसे-आर्सेनिकची सॉल्टही कमी झाली. ज्यांनी तो वायू वर्षानुवर्षे हुंगला त्यांपैकी एक म्हणून सांगतो, गेला ते चांगलेच झाले. काटा टाकून हलणाऱ्या बॅलन्सच्या जागी आकडा दाखवणारा बॅलन्स आला. आमच्या वर्गात चाळिसांत चार मुली होत्या. आता मी ज्या वर्गात डोकावतो तिथे निम्म्याहून जास्त मुलीच असतात. याहून मोठी सुधारणा कोणती?

पण निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा भरलेली नसते. तासिका तत्त्वावर आलेला तरुण दोन कॉलेजांत मिळून तास घेतो आणि एक आटोपून दुसऱ्याची एस.टी. पकडतो, आदल्या संध्याकाळी थांबून दहा टेबलांची दहा द्रावणे पातळ करायला त्याला कोण सांगणार, आणि कोणत्या पगारात? मामा निवृत्त झाले, त्यांच्याही जागी कुणी नाही. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे प्रयोग मोबाइलच्या पडद्यावर करावे लागले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता आणि ज्यांनी तेवढे तरी मुलांपर्यंत पोचवले त्यांचे आभारच मानायला हवेत. पण ते दिवस संपल्यावरही पडद्याची सोय काही ठिकाणी अंगवळणी पडली. पडद्यावरची ब्युरेट फार गुणी असते. तिच्यात थेंब जास्त पडत नाही, हात थरथरत नाही, रंग नेमका हवा तिथे बदलतो. यायला हवे ते रीडिंग तिथे दर वेळी येते. आलेले रीडिंग नावाची वस्तूच तिथे नाही.

जर्नले मात्र पूर्ण असतात. प्रत्येक प्रयोगाला तारीख, सही, शिक्का. नॅकची समिती आली तर तिला दाखवायच्या फायलीही चोख. नव्या शैक्षणिक धोरणाने, २०२० च्या, हाताने करण्यावर भर दिला आहे, कौशल्य हा शब्द त्यात जागोजागी आहे. कागदावर सगळे जुळते. आणि तपासणी अधिकाऱ्याची माझी जुनी खोड अशी, की सगळे जुळले की मला गोदाम उघडावेसे वाटते.

यात नुकसान कोणाचे? पुण्या-मुंबईच्या मुलाचे नाही. त्याला मोठ्या कॉलेजांच्या प्रयोगशाळा आहेत, पुण्याची १९५० सालची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहे, मुंबईत १९३३ साली निघालेली आणि आता आय.सी.टी. म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. नुकसान त्या मुलीचे आहे, जिच्या वडिलांनी "गावातल्या कॉलेजात शिकणार असशील तर शिक" म्हणून परवानगी दिली. तिच्यासाठी रसायनशास्त्र म्हणजे ही एकच खोली. ती तिथून हातात ब्युरेट न धरता बाहेर पडली तर पदवी मिळेल. पण उद्या लोटे-परशुरामच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात मुलाखतीला तिच्यापुढे ब्युरेट ठेवली, तर तिची काहीही चूक नसताना ती खाली मान घालून परत येईल. आणि त्या बाईचेही नुकसान आहे, जी आजही पहाटे चारला म्हशीची धार काढते आणि केंद्रावरच्या यंत्राने दाखवलेला आकडा निमूटपणे ऐकून घरी जाते. यंत्र आले म्हणून प्रश्न सुटला नाही. यंत्र बरोबर लावले आहे की नाही हे पाहणारा कुणीतरी लागतोच, आणि त्याचा हात लिहीना असे व्हायला तो आधी कुठेतरी शिकवावा लागतो.

सरकारने जागा भराव्यात हे तर उघडच आहे आणि ते म्हणत राहिले पाहिजे. पण आम्ही माजी विद्यार्थीही अगदीच हात बांधून बसलेलो नाही. आमच्यातले बरेच जण आता निवृत्तिवेतन घेतात, मुले मार्गी लागली आहेत, कॉलेजसाठी काही करावे असे मनात असते. मेळावे भरतात, वर्गणी जमते आणि तिची कमान होते, प्रवेशद्वाराची. नाही तर सभागृहातल्या खुर्च्या होतात, पाठीवर नावे रंगवलेल्या. एका मेळाव्यात मी सुचवले की यंदा सिल्व्हर नायट्रेट देऊ. ते चांदीचे असते, महाग असते, म्हणून कॉलेजात ते कपाटात कुलपाखाली राहते आणि मुलांना लांबून दाखवतात. एक वर्षभर प्रत्येक मुलामुलीला ते मनसोक्त वापरता येईल एवढे देऊ. सोबत एका परिचराचा वर्षाचा पगार देऊ, म्हणजे आदल्या संध्याकाळी द्रावणे करायला कुणीतरी थांबेल.

एकाने विचारले, "पण त्यावर नाव कुठे लिहायचं?"

प्रश्न प्रामाणिक होता. जे चार महिन्यांत मोरीतून वाहून जाणार, त्यावर नाव कोरता येत नाही. वर्षभर मुलींच्या बोटांवर काळे डाग पडतील, एवढीच त्याची खूण. त्या मेळाव्यात शेवटी बारा जणांनी पैसे दिले आणि कमानीचे काम पुढच्या वर्षावर गेले.